कुलूप तुम्ही बनवता, जबाब आम्ही देतो: मोटार कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि अभियंते यांस,

विषय: गाडीची चोरी आणि तिच्यातली तुमची जबाबदारी

महोदय, महोदया,

मी विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासते. चोरीचा दावा घेऊन आलेला माणूस गाडी गेल्याचं दुःख नंतर सांगतो. आधी तो अजीजीने सांगतो की काच फुटलेली नव्हती, अलार्म वाजला नाही, दोन्ही किल्ल्या घरातच होत्या आणि तरीही गाडी गेली. आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही ही धास्ती त्याच्या चेहऱ्यावर असते. ती खोटीही नाही. आमच्या अर्जात दोन्ही किल्ल्या जमा करा असा रकाना असतो, आणि एक जरी कमी भरली तरी प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. चोराला किल्ली हातात असण्याची गरज उरलेली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि चोराला तर आहेच. मालकाला मात्र ते गाडी गेल्यावर कळतं.

म्हणून हे पत्र पोलिसांना किंवा विमावाल्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

बटण न दाबता उघडणारी गाडी कशी चालते हे तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र गाडीमालकही वाचतील. तुम्ही दाराच्या मुठीला हात लावला की गाडी एक क्षीण संदेश सोडते. तो जेमतेम एक-दोन मीटर पोचतो. किल्लीला तो ऐकू आला की ती आपली सांकेतिक ओळख परत पाठवते आणि दार उघडतं. सगळी मदार एकाच गृहीतकावर आहे: किल्लीला ऐकू आलं म्हणजे ती जवळच असणार. चोर दोघं मिळून येतात. एक जण अँटेना घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीशी. गाडीची हाक त्यांच्या यंत्रांतून दाराआडच्या खुंटीवरल्या किल्लीपर्यंत जाते, किल्ली इमानेइतबारे उत्तर देते, आणि ते उत्तर गाडीपर्यंत पोचतं. कुठलाही संकेत फोडावा लागत नाही. इंजिन एकदा सुरू झालं की किल्ली लांब राहिली तरी ते बंद पडत नाही. चालती गाडी मध्येच थांबू नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे, पण चोराच्या ती चांगलीच पथ्यावर पडते.

यात नवं काही नाही, माझी तक्रार तिथेच आहे. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेलं घेऊन हा प्रकार करून पाहिला आणि २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. दहाही मॉडेलं फसली. एडीएसी हा जर्मनीतला वाहनचालकांचा क्लब २०१६ पासून एकामागून एक मॉडेलं याच पद्धतीने तपासतो आहे, आणि त्याच्या चाचणीत बहुतेक गाड्या उघडत आल्या आहेत. टिकल्या त्या प्रामुख्याने अल्ट्रा वाइडबँड किल्लीच्या. या किल्लीत संदेश जाऊन यायला किती वेळ लागला हे मोजलं जातं, त्यामुळे लांबून आणलेलं उत्तर गाडी ओळखते. दुसरा, स्वस्तातला उपाय म्हणजे हालचाल ओळखणारी किल्ली. ती टेबलावर काही मिनिटं पडून राहिली की झोपी जाते आणि मग कुणाच्याच हाकेला ओ देत नाही.

म्हणजे रोगही माहीत आहे, औषधही तुमच्याच कपाटात आहे. मग ते सर्व गाड्यांत का नाही? काही कंपन्यांनी ते वरच्या श्रेणीसाठी राखून ठेवलं, काहींनी फक्त नव्या मॉडेलांना दिलं. आधीच विकलेल्या गाड्यांच्या मालकाला सल्ला मिळतो की धातूच्या अस्तराची पिशवी घ्या आणि किल्ली तिच्यात ठेवा. ब्रेकमध्ये दोष निघाला तर तुम्ही गाड्या परत बोलावता, भाग फुकट बदलून देता. कुलपात दोष निघाला तर ग्राहकाने पिशवी विकत घ्यायची, हा न्याय मला अजून उलगडलेला नाही.

पिशवी वापरू नका असं माझं म्हणणं नाही. जरूर वापरा, फक्त ती तपासून घ्या. किल्ली पिशवीत घालून गाडीशेजारी उभं राहायचं आणि दाराची मूठ ओढायची. दार उघडलं तर पिशवी कुचकामी. घड्या पडून आतलं अस्तर तडकतं, तेव्हा ही परीक्षा अधूनमधून पुन्हा घ्यावी. जादा किल्ली लोक हमखास विसरतात. रोजची किल्ली पिशवीत आणि दुसरी खिडकीजवळच्या खणात उघडी, असं असेल तर उपयोग काय? बऱ्याच गाड्यांत ही विनाबटण सोय पूर्ण बंदही करता येते. मात्र ती कशी बंद करायची हे तुमच्या पुस्तिकेत इतक्या आत दडवलेलं असतं की सर्व्हिसिंग करणाऱ्यालाही शोधावं लागतं. ते पहिल्या पानावर छापायला खर्च येत नाही.

लांबून बटण दाबून कुलूप लावणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना. सार्वजनिक वाहनतळावर चोर रेडिओ संदेश दाबून टाकणारं उपकरण घेऊन बसतात. आपण बटण दाबतो, वळून चालू लागतो आणि दार उघडंच राहतं. दिवे लुकलुकले का ते बघा आणि मूठ ओढून खात्री करा.

आता दुसरा प्रकार, ज्याच्यापुढे पिशवीही काही करू शकत नाही. मोटारींच्या सायबर सुरक्षेवर काम करणाऱ्या लंडनमधल्या एका संशोधकाचीच टोयोटा रॅव्ह४ २०२२ मध्ये चोरीला गेली. त्याआधी त्याला गाडीचा बंपर आणि हेडलाइटजवळचा भाग ओढून सैल केलेला दिसला होता. त्याला वाटलं, कुणीतरी उगाच नासधूस केली. प्रत्यक्षात चोर हेडलाइटच्या मागच्या तारेपर्यंत पोचायचा प्रयत्न करत होते. ती तार गाडीच्या अंतर्गत जाळ्याची, कॅन बसची. तिला जोडलेलं उपकरण गाडीच्या संगणकाला खोटाच निरोप देतं की खरी किल्ली आत आहे, दार उघड. अशी एक वस्तू त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने मिळवून उघडून पाहिली. बाहेरून ती साधा ब्लूटूथ स्पीकर दिसत होती. त्याचं सविस्तर वर्णन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

मी अभियंता नाही. पण दिवा लावणाऱ्या तारेवरून दाराचं कुलूप उघडता येतं, आणि मध्ये कुणी “तू कोण?” असं विचारतही नाही, हे समजायला अभियंता असावं लागत नाही. गाडीच्या आतल्या भागांनी एकमेकांची ओळख पटवून मगच बोलावं, ही मागणी अवास्तव आहे का? संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला १५५ क्रमांकाचा नियम वाहनांच्या सायबर सुरक्षेबद्दल आहे आणि युरोपीय संघात तो जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. चांगलंच झालं. पण आज रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या पुढची कित्येक वर्षं धावणार आहेत. त्यांच्याबद्दल तुम्ही बोलायचं टाळता.

नियम आल्याशिवाय तुम्ही हलत नाही, हा आरोप मी मनचा करत नाही. इमोबिलायझरची गोष्ट आठवा. किल्लीतल्या चिपची ओळख पटेपर्यंत इंजिन सुरू होऊ न देणारा हा भाग. युरोपीय संघाने तो १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा केला, कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून. नेदरलँड्समधल्या चोऱ्यांचा अभ्यास केलेल्या अर्थतज्ज्ञांना असं आढळलं की १९९५ ते २००८ या काळात या भागामुळे गाडीचोरीचं प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं. चोर जुन्या, चिप नसलेल्या गाड्यांकडे वळले, तो परिणाम हिशेबात धरूनही.

अमेरिकेत अशी सक्ती नव्हती. २०१५ सालच्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत तिथे इमोबिलायझर मुळातच बसवलेला होता. ह्युंदाई आणि किया यांच्या मात्र फक्त २६ टक्के मॉडेलांत. २०२१-२२ च्या सुमारास स्टिअरिंगखालचं आवरण काढून यूएसबी केबलच्या टोकाने या गाड्या कशा सुरू करायच्या याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरले आणि पोरासोरांनीही गाड्या पळवल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपन्यांनी सॉफ्टवेअरची दुरुस्ती देऊ केली, आणि पोलिसांमार्फत स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडे फुकट वाटले. याच कंपन्या सीमेपलीकडे कॅनडात चिप बसवूनच गाड्या विकत होत्या, कारण तिथे कायदा होता.

त्या लोखंडी दांड्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. मला कुणी एकच उपाय विचारला तर मी तोच सांगते. अलार्म वाजला तर शेजारी कूस बदलून झोपतात. दांडा लांबून दिसतो, आणि चोर किल्लीच्या वाटेने येवो की हेडलाइटच्या, तो कापायला त्याला वेळ काढावाच लागतो. करवतीपुढे दांडा टिकत नाही हे खरं, पण घाईत असलेला माणूस शेजारची बिनदांड्याची गाडी निवडतो. तुम्ही इतकी वर्षं इलेक्ट्रॉनिक्सवर खर्च केलात आणि मला शिफारस करावी लागते ती लोखंडाची.

किल्ल्यांचं आणखी एक गौडबंगाल आहे. आत शिरलेला चोर डॅशबोर्डखालच्या तपासणी-जोडणीला यंत्र लावून कोरी किल्ली नोंदवू शकतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तर आधीच्या मालकाकडे, त्याच्या मेकॅनिककडे किती किल्ल्या राहिल्या याचा पत्ताच नसतो. आणि आता किल्लीच्या जोडीला ॲप आलं आहे. गाडी विकूनही जुन्या मालकाच्या फोनवर ती कुठे उभी आहे ते दिसत राहतं, दार उघडायचं बटणही राहतं. माझा आग्रह असा: जुनी गाडी घेतलीत की अधिकृत कार्यशाळेत जाऊन सगळ्या किल्ल्यांची नोंद पुसून घ्या आणि हातात आहेत तेवढ्याच पुन्हा नोंदवा. ॲपमधले जुने वापरकर्ते काढून टाका. तुमच्याकडे, कंपन्यांनो, मागणं असं की गाडीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत हे पडद्यावर मालकाला दिसू द्या, आणि नवी किल्ली नोंदवली जाताच त्याच्या फोनवर सूचना जाऊ द्या. ही माहिती तुमच्या संगणकात आहेच, ती मालकापासून लपवून कुणाचं भलं होतं?

आता गाडी गेल्यानंतरचं बोलू. इथे मालकांच्या सर्वांत जास्त चुका होतात आणि तुमचं मौन सर्वांत जास्त नडतं.

गाडी जागेवर नाही असं दिसलं की आधी ती टोइंगवाल्यांनी उचललेली नाही, हप्ते थकले म्हणून कर्ज देणाऱ्याने नेलेली नाही आणि घरातल्याच कुणी काढलेली नाही एवढी खात्री करायची. हे दोन-तीन फोनांचं काम आहे, त्यात अर्धा दिवस घालवायचा नाही. लगेच पोलिसांत जायचं. चोर पुष्कळदा गाडी थेट दूर नेत नाहीत. एखाद्या शांत गल्लीत किंवा मोठ्या वाहनतळावर ती दिवस-दोन दिवस सोडून देतात, तिच्या मागावर कुणी येतं का ते बघायला. तो काळ मालकाच्या हातात असतो. कॅमेऱ्यांचं चित्रणही ठरावीक दिवसांनी पुसलं जातं.

पोलिसांसमोर बहुतेक जण फक्त नंबरप्लेट सांगतात. प्लेट पाच मिनिटांत बदलते. त्याच रंगाच्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा नंबर तिच्यावर लागला की रस्त्यावरच्या पोलिसाला काहीच वावगं दिसत नाही. खरी ओळख म्हणजे १७ अक्षर-अंकांचा वाहन ओळख क्रमांक, ज्याला बरेच जण चासी नंबर म्हणतात. त्यात रोमन आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. उतरवून घेताना ओ दिसला तर तो शून्यच. चोरीच्या वाहनांची इंटरपोलची जी नोंदसूची आहे, तिच्यातही गाडी शोधायची ती याच क्रमांकावरून. आणि गाडी तिथे पोचते ती पोलिसांमार्फतच. तक्रारच नसेल तर दुसऱ्या देशाच्या सीमेवर ती सापडूनही कुणाला काही कळणार नाही.

हा क्रमांक विचारला की माझ्यासमोरचा माणूस म्हणतो, “कागदपत्रं गाडीतच होती.” म्हणून मालकांनो, आज रात्रीच फोन घेऊन गाडीपाशी जा. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावर हा क्रमांक कोरलेला असतो, त्याचा फोटो काढा. मग किलोमीटरचा आकडा, दोन्ही किल्ल्या, आणि तुमची गाडी इतरांपेक्षा वेगळी ठरवणारं सगळं: मागच्या दारावरचा चरा, सीटवरचा जळका डाग, मुलाने चिकटवलेलं आणि अर्धं निघालेलं स्टिकर. चोर क्रमांक घासून टाकतो, प्लेट बदलतो. सीटवरच्या डागाकडे त्याचं लक्ष नसतं. मूळ कागद गाडीत ठेवायचा नियम जिथे नसेल तिथे ते घरातच ठेवा.

तक्रार देताना गाडी शेवटची कधी पाहिली आणि नाही हे कधी कळलं, या दोन वेळा वेगवेगळ्या सांगा. अंदाज असेल तर अंदाज आहे म्हणा. किल्ली गाडीतच राहिली होती, इंजिन चालू ठेवून दोन मिनिटांसाठी उतरलो होतो, असं काही असेल तर तेही सांगा. लाजेपोटी मारलेली थाप दाव्याच्या फाइलीत हटकून उघडी पडते, आणि मग खऱ्या चोरीचाही दावा अडकतो. तक्रारीची प्रत आणि क्रमांक घ्या, त्याच दिवशी विमा कंपनीला आणि कर्ज असेल तर बँकेला लेखी कळवा. गाडीत घराची किल्ली किंवा फाटकाचा रिमोट राहिला असेल आणि पत्ता असलेला कागदही, तर घराचं कुलूप आधी बदला.

ॲपमध्ये किंवा लपवलेल्या ट्रॅकरवर गाडी दिसत असेल तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, पोलिसांना द्या आणि स्वतः मागे जाऊ नका. विम्याने गाडीची भरपाई होते. सामान शोधायचे छोटे ट्रॅकर उपयोगी आहेत, पण कुणाचा छुपा पाठलाग होऊ नये म्हणून ते जवळच्या अनोळखी फोनला सूचना देतात. म्हणजे चोरालाही कळू शकतं. पहिल्या काही तासांतच त्यांचा उपयोग.

आणि इथे तुमचा दूरध्वनी विभाग येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका बाईची फोक्सवॅगन चोरांनी पळवली, मागच्या सीटवर तिचा दोन वर्षांचा मुलगा होता. शेरिफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलिसप्रमुखाच्या, कार्यालयाने कंपनीच्या कार-नेट या गाडीचा माग सांगणाऱ्या सेवेकडे तिचा ठावठिकाणा मागितला. मोफत मुदत संपली आहे, १५० डॉलर भरा, मग सेवा सुरू करू, असं उत्तर मिळालं. मूल सुखरूप सापडलं, तेही या सेवेच्या मदतीशिवाय. आणीबाणीतली ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, गंभीर चूक झाली, असं कंपनीने नंतर मान्य केलं. पण पलीकडच्या कर्मचाऱ्याला मी एकट्याला दोष देणार नाही. त्याच्या पडद्यावर जे कलम होतं ते कुणीतरी मोठ्या पगारावर बसून लिहिलेलं होतं.

गाडी कुठे आहे हे तुम्हाला कळू शकतं, तर चोरीच्या तक्रारीचा क्रमांक घेऊन पोलिसांनी विचारल्यावर ते दिवसरात्र, विनाशुल्क आणि वर्गणी संपलेली असली तरी सांगितलंच पाहिजे. फक्त पोलिसांना; नवऱ्याला, सावकाराला किंवा शेजाऱ्याला नाही. आणि कुणी कधी विचारलं याची नोंद मालकाला दिसली पाहिजे.

आणखी एक कागद हवा आहे, तो माझ्या टेबलावर. तुमच्या नव्या गाड्या बरंच काही टिपून ठेवतात: शेवटचं कुलूप केव्हा लागलं, कुठल्या किल्लीने लागलं, दार केव्हा उघडलं, नवी किल्ली नोंदली गेली का. मालकाने चोरी कळवली की यातलं जे तुमच्या सर्व्हरवर पोचलेलं असेल ते एका पानावर, वाहन ओळख क्रमांकासकट, त्याला मिळू द्या. शिवाय या मॉडेलची किल्ली लांबून फसवता येते की नाही, हेही त्यावर स्पष्ट लिहा. ते पान फाइलीला लागलं तर दोन किल्ल्या पुढ्यात ठेवून शपथा घेणाऱ्या माणसाला गुन्हेगारासारखी उत्तरं द्यावी लागणार नाहीत, आणि स्वतःच गाडी विकून चोरीचा बनाव करणारेही लवकर सापडतील. असे लोकही येतात माझ्याकडे, ते नाकारत नाही.

सविस्तर खुलासा नको, त्यासाठी तुमचा प्रसिद्धी विभाग आहेच. तुमच्यापैकी प्रत्येक कंपनीने दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. तुमच्या सर्वांत स्वस्त विनाबटण मॉडेलला अंतर मोजणारी किंवा झोपी जाणारी किल्ली आज मिळते का? आणि आधी विकलेल्या गाड्यांना ती फुकट बदलून देणं कधी सुरू करणार? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तारीख असावी.

कळावे,

आपली,
मोटार विमा दाव्यांची एक तपासनीस